नंदकुमार सरांचं पहिलं शिफारसपत्र

दाखला हवा असला की कॉलेजची पोरं नंदकुमार सरांना शोधत सिंधीपुऱ्यात घरी येत. सर गणित विभागाचे प्रमुख होते, आणि विभागात ते एकटेच होते. कुणाला बँकेसाठी दाखला हवा असे, कुणाला पोलीसभरतीसाठी, कुणाला इंदूरच्या होस्टेलसाठी. मजकूर मात्र एकच. अमुक विद्यार्थ्याला मी ओळखतो, त्याची वर्तणूक चांगली आहे, त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. खाली सही, शेजारी गोल शिक्का.

"तीस वर्षं सगळ्यांचं चारित्र्य चांगलंच लिहिलंत," सरांच्या पत्नी शारदाकाकू म्हणत. "एखादं तरी वाईट सापडलं का हो?"

"माझ्या वर्गात नाही सापडलं," सर हसून म्हणत.

फेब्रुवारीत दापोरा गावची त्यांची जुनी विद्यार्थिनी ज्योत्स्ना आली, तेव्हाही सरांनी तेच केलं. एम.एस्सी. होऊन तिला दोन वर्षं झाली होती. आता ती एका कोचिंग क्लासमध्ये शिकवत होती. बेंगळुरूच्या एका संस्थेत जूनमध्ये तीन आठवड्यांचं शिबिर होतं. मेंदूचं काम गणिताने समजून घेणारे लोक देशभरातून तिथे जमणार होते. शिबिरानंतर चौघांना वर्षभर तिथेच ठेवून संशोधनाचं काम देणार होते. जागा तीस. अर्जासोबत एका शिक्षकाचं पत्र हवं होतं. सरांनी पत्र लिहिलं, शिक्का मारला, मोबाइलवर फोटो काढून पाठवून दिला.

आठवडाभराने, भर दुपारी, ज्योत्स्नाची स्कूटी दारात थांबली. तिने चप्पलसुद्धा धड काढली नाही.

"सर, गडबड हो गई. त्यांचा मेल आलाय. तुम्हालाही आलाय, पण तुम्ही मेल बघतच नाहीत ना!"

तिने मोबाइल पुढे केला. मेल नम्र होता. आपण पाठवलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र मिळालं. आम्हाला मात्र ही विद्यार्थिनी विचार कसा करते, हे जाणून घ्यायचं आहे. तसं पत्र उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मिळालं नाही, तर अर्ज पुढे नेता येणार नाही.

सरांचे कान तापले. "पण मी चांगलंच लिहिलं होतं, बेटा."

"माहितीये सर. ते म्हणतात, चांगली आहे ते ठीक, पण करते काय?"

काकूंनी तिला पाणी दिलं. ज्योत्स्ना अर्धा ग्लास पिऊन क्लासला पळाली. जाताना एवढंच म्हणाली, "सर, या वर्षी नाही झालं तर घरचे थांबणार नाहीत. स्थळं बघून ठेवलीयेत त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सरांनी सुट्टी टाकली. सकाळी नऊला कागद घेऊन बसले. 'ती हुशार आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'मेहनती आहे' लिहिलं, तेही खोडलं. हे तर त्यांनी सगळ्यांबद्दलच लिहिलं असतं.

"काय करते ती?" काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"वाद घालते," सर म्हणाले, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

ज्योत्स्ना बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. तिच्या काकांची केळी पिकवायची खोली होती. त्या खोलीतली केळी पिवळी कशी होत जातात, याचं समीकरण सरांनी वर्गात गंमत म्हणून फळ्यावर मांडलं होतं. उत्तर आलं, रोज थोडी थोडी. ज्योत्स्ना उठून म्हणाली, "सर, आमच्या खोलीत तसं नाही होत. तीन दिवस काहीच नाही, आणि चौथ्या दिवशी सगळी खोली एकदम." सर म्हणाले होते, "केळी घरी ठेव, इथे गणित कर." वर्ग हसला होता.

अकरा दिवसांनी तिने वही आणली. रोज सकाळ-संध्याकाळ किती फण्या पिवळ्या झाल्या, ते मोजून लिहिलं होतं. वही बघताच सरांना कळलं. पिकलेली फणी शेजारच्या फणीला पिकवते, हेच त्यांच्या समीकरणात नव्हतं. ज्योत्स्नाने ते घातलं होतं. एका मर्यादेपर्यंत शांतता, आणि ती ओलांडली की सगळं एकदम. पुढे एम.एस्सी.ला तिनेच कुठूनसं वाचून सांगितलं होतं, की मेंदूतल्या पेशीही अशाच शेजारणीला उठवतात. तिथूनच तिला हा नाद लागला.

सरांनी तेव्हा वहीवर 'छान' लिहून दिलं होतं. मी चुकलो, हे तिला सांगितलं नव्हतं. वर्गाला तर नाहीच.

"अहो, तेच लिहा की," काकू म्हणाल्या.

"संस्थेला कळेल, प्रमुखालाच येत नव्हतं म्हणून."

"कळू दे. तुमचं काय, पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर. तिचं सगळंच राहिलंय."

सरांनी नवा कागद घेतला. छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहिलं. मी वर्गात चूक केली. वर्गासमोर तिला गप्प बसवलं. ती अकरा दिवस मोजत राहिली आणि तिने मला बरोबर उत्तर दाखवलं. माझी चूक मी आज पहिल्यांदा कबूल करतो आहे. असा विद्यार्थी मला तीस वर्षांत दुसरा मिळाला नाही. पत्र दीड पान झालं. चार वाजून दहा मिनिटांनी ते गेलं. गेलं याची खात्री करायला सरांनी मेल तीनदा उघडून बघितला.

मार्चच्या अखेरीस ज्योत्स्ना आली. या वेळी चप्पल नीट काढून आत आली.

"झालं सर! निवड झाली."

काकूंनी तिला जवळ घेतलं. सर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले.

"पण मुलाखतीत संस्थेतल्या मॅडमचा पहिलाच प्रश्न काय, माहितीये? तुमच्या सरांची चूक तुम्ही कशी पकडली? मी म्हटलं, मॅडम, कोणती चूक? मला तर वाटायचं, सरांनी मुद्दाम सोडलं होतं, आम्ही शोधावं म्हणून."

सरांनी चष्मा काढून पुसला. पाच वर्षं तिने त्यांना असं मोठं करून ठेवलं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"मुद्दाम नव्हतं सोडलं, बेटा," ते म्हणाले. "मला दिसलंच नव्हतं. बस इथे. कुठे चुकलो ते दाखवतो."

त्यांनी कोरा कागद ओढून समीकरण मांडायला घेतलं. तिसऱ्या ओळीला ज्योत्स्नाने पेन मागितलं, आणि सरांनी ते दिलं.