खतिजाबीचा कहवा

खतिजाबीकडे राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी मी इतका कहवा प्यायले की छातीत घण पडायला लागले. ती ओतायची, मी प्यायची, कप खाली ठेवायची. की लगेच ती परत ओतायची. मी ‘पुरे’ म्हटलं, ‘नको हो’ म्हटलं, शेवटी हात जोडले. बाई ढिम्म! कपही कसला, बिनकानाचा, पणतीपेक्षा जरासा मोठा. फिंजान म्हणायची ती त्याला. त्यात तळाला दोन घोट ओतायचे आणि थांबायचं. ही बाई चिक्कू म्हणावी की उधळी, मला काही उमगेना.

शेवटी माझा चेहरा पाहून तीच हसली. म्हणाली, “मास्तरीण, तोंडाचं नको मी ऐकत न्हाय. तोंड लाजंनं बी नको म्हनतं. पुरे झाला तर फिंजान असा हालव.” आणि मनगटातून तिनं रिकामा कप डावी-उजवीकडे हलवून दाखवला. “न्हाय हालवलास तर मी ओतीत राहीन, तू पीत राहशील, आनि दोघी हितंच म्हाताऱ्या होऊ.”

“मग एकदाच भरून द्या ना,” मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

तिचं हसू गेलं. “मेहमानाला भरून देत न्हायत गं. काठोकाठ भरून दिला म्हंजे पी, ऊठ, आनि चालता हो. तसला फिंजान मी आजवर कुनालाच दिला न्हाय.”

मुरूडला मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. नबाबाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, आमचा जिल्हा अजून कुलाबाच होता, आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. अलिबागहून निघताना आईनं पितळी तांब्या दिला, उपदेश दिला, आणि ‘मुसलमानाच्या घरात राहणार?’ म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. खतिजाबीनं पडवीतली खोली झाडून, सारवून ठेवली होती. उंच, हाडकुळी बाई. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि बोटांची टोकं बुंददाणे, म्हणजे कॉफीच्या बिया, भाजून भाजून तपकिरी झालेली.

आमच्या घरी कॉफी म्हणजे उपासाचं किंवा आजाऱ्याचं पेय. भरपूर दूध, भरपूर साखर, वर श्रीवर्धनचं जायफळ उगाळून. एकदा मी कौतुकानं तिला ती करून दिली. तिनं एक घोट घेतला, अदबीनं गिळला आणि म्हणाली, “खीर झ्याक झालीय. आता कहवा कर.”

तिचा कहवा म्हणजे एक सोहळाच असायचा. दाणे लोखंडी तव्यावर भाजायचे. ते तडतडायला लागले की तवा घेऊन घरभर फिरायचं, धूर प्रत्येक खोलीला दाखवायचा. मग खलबत्त्यात कुटायचं. तो आवाज आळीत गेला की शेजारणींना कळायचं, आज या. साखर नाही, दूध नाही. वेलची आणि सुंठ. कुटता कुटता ती गोष्टी सांगायची. तिकडे अरबस्तानच्या डोंगरात कुणा धनगराच्या शेळ्या लाल फळं खाऊन नाचायला लागल्या म्हणे. मग फकिरांनी ती उकळून प्यायला सुरुवात केली, अल्लाचं नाव घेताना डुलकी लागू नये म्हणून. तिथल्या मोखा बंदराचे व्यापारी मोठे हुशार. दाणा बंदराबाहेर जायचा तो उकडून, म्हणजे परमुलखात रुजायला नको. “पन एका फकिरानं कमरेला बांधून आनलेच थोडे कच्चे, आनि म्हैसूरच्या डोंगरात पेरले,” ती सांगायची. एडनचा माल यायचा बंद झाल्यावर मुंबईहून म्हैसूरचीच बुंद येई, तेव्हा ती दाणे ओंजळीत घेऊन म्हणायची, “ही बी तिकडचीच. घर सोडून आलीय बिचारी.”

आणि रोज दिवेलागणीला, मगरिबच्या नमाजानंतर ती एक फिंजान ओट्याच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून ठेवायची. त्यात तळाला दोन घोट.

तो तिच्या नवऱ्याचा होता. दाऊद नाखवा. स्वातंत्र्य आलं त्या वर्षीच्या थंडीत त्याचं गलबत एडनला निघालं. निघायच्या दिवशी तो ओट्यावर कहवा पीत बसला होता. पहिला झाला, दुसरा तिनं नुकताच ओतला, एवढ्यात खालून खलाशांनी हाळी दिली, ओहोटी लागली म्हणून. त्यानं फिंजान खाली ठेवला. “ठेव, आलो,” म्हणाला आणि उतरून गेला. बरोबरीची गलबतं पावसाच्या आधी परतली. त्याचं आलं नाही. फळकूट नाही की निरोप नाही.

मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं, तो गेला असं समज, त्याच्या नावानं फातिहा पढून टाक. खतिजाबीचं उत्तर ठरलेलं. “त्यानं फिंजान हालवला न्हाय. पुरे म्हनाला न्हाय. मी कोन त्याचं पुरं करनारी?”

आता मी काही भुताखेतांना मानणारी नव्हे, हे आधीच सांगते. मी काही पाहिलंही नाही. पण सकाळी अंगणात तोंड धुवायला जाताना त्या फिंजानात बघायची मला खोड लागली. तो रोज रिकामा असायचा. तळाला नुसता काळा गाळ. मी म्हटलं, मांजर पीत असेल. ती म्हणाली, “कडू कहवा पिनारी मांजर दाखीव मला.” मग म्हटलं, वाऱ्यानं सुकत असेल. “व्हय, वाऱ्यानं,” ती म्हणायची आणि गाळ मोगऱ्याच्या आळ्यात ओतून फिंजान परत तिथंच ठेवायची. कधी म्हणायची, “आज उशिरा आला वाटतं, अजून गरम हाय फिंजान.” मी हात लावून बघायला कधी धजले नाही. ओट्याच्या त्या टोकावरून जाताना मी पदर आवरून घ्यायला लागले होते. माझ्या विद्यार्थिनींनी पाहिलं असतं तर माझी शोभाच झाली असती.

खतिजाबीची एकुलती लेक झुलेखा आगरदांड्याला दिली होती. बाप गेला तेव्हा ती परकरी पोर होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून खतिजाबीनं दुपटी शिवली, डिंक आणून ठेवला, सुईणीला सांगून ठेवलं. दिवस भरत आले तशी झुलेखा बैलगाडीनं आली, पण अंगणातच उभी राहिली. ओट्यावर पाय ठेवीना.

“अम्मा, तो फिंजान उचल. मग येते आत.”

“तुझ्या बापाचा हाय तो.”

“म्हनूनच सांगते. लहानपनापास्नं मी त्याच्या भीतीनं घरात वावरले. बाबाला तू जाऊ बी देत न्हायस आनि येऊ बी देत न्हायस. उंबऱ्यावर अडकवलेल्या मानसाच्या घरात मी माझं बाळ जन्माला घालनार न्हाय. तुला तो पायजे का आमी पायजे, सांग. मी चालले परत.”

मी मध्ये पडले. “अहो, कप उचलायला किती वेळ लागतो! थांबा, मी उचलते.” 

खतिजाबीनं माझा हात धरला. काय पकड होती! “मेहमान पीत असताना कप उचलत न्हायत, मास्तरीण. आनि दुसऱ्याचा कप आपन हालवायचा नसतो.” झुलेखा गाडीकडे वळली. एका हातानं पोट धरून ती चालत होती. खतिजाबी बघत राहिली, आणि मग एकाएकी म्हणाली, “थांब.”

ती आत गेली. तिनं दाणे भाजले, कुटले. आम्ही दोघी अंगणातच. बांग झाली, तिनं नमाज पढला. मग किटली घेऊन ओट्याच्या टोकाशी बसली आणि ओतायला लागली. दोन घोटांवर तिचा हात दर वेळी आपोआप थांबायचा. तो थांबला. मग परत किटली वाकली. अर्धा झाला, पाऊण झाला, काठाला लागला, बाहेर सांडून तिची बोटं भाजली, तरी ती ओततच होती. 

झुलेखानं तोंडात पदर कोंबला.

“जा,” खतिजाबी खाडीकडे बघून म्हणाली. “पोरगी आलीय. आता जा तू.”

त्या रात्रभर वारा नुसता उधळला होता. सकाळी मी उठले तेव्हा खतिजाबी ओट्यावर बसलेली होती. फिंजान काठोकाठ तसाच होता. एक थेंब कमी झाला नव्हता. वर नुसती धूळ बसली होती. इतका वारा असून!

“शिवला बी न्हाय,” ती म्हणाली. “लय मानी मानूस.” आणि मग हुंदके देऊन रडली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. फातिहा त्याच आठवड्यात पढली. बांगड्या तिनं स्वतःच्या हातानं काढल्या.

झुलेखाला मुलगी झाली. गोरीपान, भोकाड पसरणारी. खतिजाबीनं तिचं सगळं केलं, तेल, धुरी, अंगाई, कशात कमी केलं नाही. पण बुंद पुन्हा भाजली नाही. तवा उलटा करून टाकला, नाखव्याचा फिंजान पेटीत गेला. शेजारणी येऊन चहा पिऊन जायच्या. कधी नातीला मांडीवर थोपटता थोपटता तिचा हात थांबायचा आणि ती ओट्याकडे कान द्यायची. मी विचारलं, काय झालं? “काय न्हाय,” ती म्हणायची. “घर लय मोकळं वाटतं.” घरात तेव्हा चार माणसं असायची. मला तिची ती नजर सहन होत नसे.

नात बोबडं बोलायला लागली, त्या थंडीत खतिजाबीनं अंथरूण धरलं. झुलेखा येऊन राहिली. एके संध्याकाळी खतिजाबीनं मला हाक मारली. “मास्तरीण, बुंद भाज.”

मी भाजली, आणि अर्थातच करपवली. झुलेखानं कुटली. आम्ही तिला उशाला टेकवून बसवलं आणि मी फिंजानात ओतलं, तळाला दोन घोट. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“जाळलीस गं,” म्हणाली. आणि हसली. किती दिवसांनी ते हसू पाहत होते मी! फिंजान तिनं माझ्या हातात दिला. मनगट हललं नाही. “ठेव,” म्हणाली. बांग सुरू झाली होती. ती संपायच्या आत खतिजाबी गेली.

दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी माणसं पांगली. दिवेलागणीला मी पडवीत बसले होते. आतून खलबत्त्याचा आवाज आला. झुलेखा किटली घेऊन बाहेर आली, आईचा फिंजान घेऊन ओट्याच्या टोकाशी बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, तिनं हालवला न्हाय ना?”

“नाही,” मी म्हटलं. “ठेव म्हणाली.”

मी उठले. पेटी उघडली, नाखव्याचा फिंजान काढला, धुतला, पदरानं पुसला आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवला. झुलेखानं दोन्हींत ओतलं. हात चुकू नये म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. दोन घोट यात, दोन घोट त्यात. नात दुडुदुडु तिकडे धावली, तशी झुलेखानं तिला कवेत घेतलं.

“पाय लावू नको हां. नाना-नानी कहवा पितायत.”

सकाळी मी आधी तिकडेच गेले. दोन्ही रिकामे होते. वाऱ्याचं नाव मी या खेपेला घेतलं नाही.