स्वतःच्या छातीचं इंजिन

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्या जाती इंजिनाच्या लिटरवरून ठरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामांच्या मते काही इंजिनं आणि काही माणसं स्वतःच्या छातीवर जगतात. बाकीच्यांच्यात बाहेरून कोणीतरी हवा भरत असतं. पहिल्या जातीत मामा स्वतः, साडेसहा लिटरची आणि आठ सिलिंडरची त्यांची गडद लाल अमेरिकन गाडी, माइक बाजूला सारून आरती म्हणणारे एक गुरुजी आणि गुहागरकडच्या शाळेतले मामांचे दिवंगत मास्तर एवढीच मंडळी बसतात. दुसऱ्या जातीत आम्ही सगळे.

हा वाद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण मामा थोडक्यात कधीच सांगत नाहीत. इंजिन हवा ओढतं आणि तिच्याबरोबर पेट्रोल जाळतं. जास्त ताकद हवी असेल तर एक तर इंजिनाचं पोट मोठं करायचं, नाहीतर लहान पोटात पंख्याने जबरदस्तीने हवा कोंबायची. या दुसऱ्या युक्तीला जग टर्बो म्हणतं, मामा फुंकणी म्हणतात. चुलीपुढे बसून फुंकून फुंकून जाळ करायचा, आणि मग 'बघा कसा पेटलाय' म्हणून मिरवायचं, हा त्यांना शुद्ध लबाडपणा वाटतो. "स्वतःच्याच धुरावर पंखा फिरवून जगणारं इंजिन, जावईबापू, त्याला काय अब्रू असणार?" असं त्यांनी मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी हॉटेलांच्या हिशेबाचं काम करणारा माणूस. इंजिनाला अब्रू असते हेच मला त्या दिवशी कळलं. सुपरचार्जर नावाचा आणखी एक भाता असतो, तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याला मामा त्यातल्या त्यात प्रामाणिक समजतात, पण घरात घेण्याइतका नाही.

आता गंमत अशी की हा हवा कोंबण्याचा कट्टर शत्रू गेली कित्येक वर्षं मस्कतमध्ये हवा कोंबण्याचंच काम करतो. मामा एसीवाले. अल् खुवैरमधल्या कचेऱ्यांचे मोठमोठे ब्लोअर, गच्चीवरचे पंखे, छतातून फिरणारे पत्र्याचे डक्ट हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली चालतं. बाहेर पन्नासाला टेकलेलं ऊन असताना आत साहेबलोक जॅकेट घालून बसतात ते मामांच्या पुण्याईने. हा विरोधाभास मी एकदा त्यांच्या कानावर घातला. ते जराही विचलित झाले नाहीत. "ती नोकरी आहे," ते म्हणाले, "ही निष्ठा."

निष्ठेचा दिवस शुक्रवार. आठवडाभर मामा कंपनीच्या पिकअपमधून फिरतात आणि त्यांची लाल गाडी इमारतीखाली चादर पांघरून पडून असते. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते खाली उतरतात, चादर घडी घालून ठेवतात आणि सेल्फ मारतात. त्यानंतर जो आवाज होतो त्याने त्यांच्या गल्लीतल्या दोन-तीन गाड्यांचे अलार्म आपोआप वाजायला लागतात. मामा हात मागे बांधून गाडीच्या बाजूला उभे राहतात, डोळे मिटतात आणि ती गरम होईपर्यंत नुसते ऐकत राहतात. वरच्या मजल्यावर मामी स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेतात. हा खिडकीचा आवाजही त्या विधीचाच भाग. तो झाला नाही तर मामा वर बघतात.

मग दोघं दार्सैतच्या कृष्णमंदिरात जातात. त्या गाडीला दारं दोनच, आणि सीट इतकी खाली की मामींना आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरण्याचा प्रकार. आधी पाय, मग नैवेद्याचा डबा, मग फुलं, आणि शेवटी 'कृष्णा रे' म्हणून स्वतः. बाहेर येताना मामा हात देऊन ओढतात. देवळात आत असलेल्या भटजींना मामा आल्याचं घंटा वाजायच्या आधीच कळतं. परतताना चहाच्या टपरीपाशी थांबायचं, हाही नेम. इथे टपरीबाहेर गाडी थांबवून हॉर्न दिला की पोऱ्या धावत येतो, सगळं मस्कत असंच चहा पितं. मामा हॉर्न देत नाहीत. जागेवरच इंजिन एकदा हलकेच वाढवतात. तो आवाज ऐकून आतला मलबारी चहावाला एक साखर कमी आणि एक बिनसाखरेचा असे दोन करक, म्हणजे इथले उकळलेले दुधाळ चहा बाहेर पाठवतो, आजवर कधी चुकलेला नाही.

नव्या जमान्याने मामांना फार दुखावलं. एका शोरूममध्ये ते मला सोबत घेऊन गेले होते. नवी गाडी सुरू केल्यावर आत छान घरघर ऐकू आली. मामांनी मान तिरकी केली, सीटखाली कान नेला, दाराला कान लावला आणि विक्रेत्याला विचारलं, "ये आवाज किधर से आता है?" तो पोरगा अभिमानाने म्हणाला, "स्पीकर से, सर." मामा दार उघडून बाहेर आले ते थेट रस्त्यावर. "प्लेबॅक आहे," ते मला म्हणाले, "ओठ इंजिनाचे आणि गातंय दुसरंच कोणी." पुढे अमेरिकेतल्याच कंपन्या आठ सिलिंडर सोडून सहा सिलिंडर आणि दोन फुंकण्या लावायला लागल्याची बातमी आली, त्या दिवशी मामांनी दाढी केली नाही. आणि अशा सुतकाच्या काळात मी दोन लिटरची, टर्बोची, चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. पेढे द्यायला गेलो तर मामा पेढा हातात धरून म्हणाले, "दोन लिटर? आमच्याकडे ताकाचं पातेलं याहून मोठं आहे." पेढा मात्र खाल्ला.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण गेल्या वर्षी मामांची वैद्यकीय तपासणी झाली आणि निदान असं निघालं की झोपेत त्यांचा श्वास अडतो. मामा जबरदस्त घोरतात हे आम्हाला माहीत होतं. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलं की भिंतीपलीकडे लाल गाडीच चालू ठेवली आहे असं वाटायचं. पण ते घोरणं मधेच थांबतं तेव्हा श्वासही थांबलेला असतो, हे आम्हाला नवीन होतं. डॉक्टरीणबाईंनी समजुतीने सांगितलं, "अंकल, एक मशीन देती हूँ. नाक पे मास्क लगा के सोना. वो प्रेशर से हवा अंदर भेजेगी."

"प्रेशर से?" मामा.

"हाँ."

"मतलब टर्बो."

"टर्बो नहीं अंकल, सिर्फ हवा."

"वही तो बोल रहा हूँ," मामा म्हणाले आणि शर्टाची बटणं लावायला लागले.

मशीन घरी आलं आणि पिशवीसकट कपाटावर गेलं. त्याच्यावर हळूहळू जुन्या चादरी आल्या. मी समजावलं, बायकोने रडून पाहिलं, त्यांच्या पुण्यातल्या मुलीने फोनवर शपथा घातल्या. हृदयावर ताण येतोय, असंच चाललं तर एखाद्या रात्री श्वास परत येणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मामांचं उत्तर ठरलेलं. "इतकी वर्षं स्वतःच्या छातीवर जगलो. आता नाकाला फुंकणी लावून जगू? माझ्या गाडीला काय तोंड दाखवू?" आम्ही हसलो, कारण ते हसवण्यासाठीच बोलत होते. मामी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं, "घोरणं चालू असतं ना, तोवर मला गाढ झोप लागते गं. थांबलं की जाग येते. मग कोपराने ढोसते, आणि पुन्हा चालू होतात." त्या रोज अशा किती वेळा जाग्या होत असतील ते मी विचारलं नाही. विचारायला धीर झाला नाही.

मामींची एक जुनी इच्छा होती, जबल अख्दरवरचे गुलाब बघायची. मस्कतहून दोन तासांवर तो डोंगर, वर पायऱ्यापायऱ्यांची शेती, आणि उन्हाळा तोंडावर आला की तिथे गुलाब फुलतात. मामांनी न्यायचं कबूल केलं होतं, पण आपल्याच गाडीतून. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. चारही चाकं ओढणारी गाडी नसेल तर वर सोडत नाहीत, कारण उतार जीवघेणा आहे. हे मस्कतमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मामांची मात्र श्रद्धा होती की पोलीसही शेवटी माणूसच, त्याने इंजिन ऐकलं की तो विरघळणार. या श्रद्धेपायी गेल्या वसंतात आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पुढे मामा-मामी, मागे आम्ही दोघं, साक्षीदार म्हणून.

पोलीस खरोखरच विरघळला. तरुण ओमानी पोरगा होता. त्याने बॉनेट उघडायला लावलं, वाकून पाहिलं, माशाल्ला म्हणाला, इंजिन वाढवायला सांगितलं आणि पुन्हा माशाल्ला म्हणाला. मामांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मग तो पोरगा अदबीने म्हणाला, "गाडी बहुत ज़ैन, बहुत अच्छा, अंकल. लेकिन ऊपर नहीं. ऊपर फोर-व्हील बस."

"एट सिलिंडर है," मामा म्हणाले.

"मालूम. लेकिन फोर-व्हील. इधर रखो, मैं देखेगा."

मामींनी फुलांसाठी आणलेली रिकामी टोपली उचलली आणि माझ्या गाडीत मागे येऊन बसल्या. मामा थोडा वेळ लाल गाडीजवळ रेंगाळले. मग माझ्या शेजारच्या सीटवर बसले, पट्टा बांधला, आणि कोणाच्या तरी अंत्ययात्रेला निघाल्यासारखे समोर बघत राहिले.

चढ सुरू झाला. वळणामागून वळण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. मामांचा डावा कान इंजिनाकडे लागलेला मला दिसत होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हिला दम नाही लागला अजून?" मी नाही म्हटलं. आणखी दोन वळणं गेली. "वर हवा विरळ होत जाते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आमची असती तर इथे जड झाली असती. जेवढी हवा मिळेल तेवढीच घेणार ना ती. ही बाई ओढून घेते." मामा हट्टी आहेत, पण मशीनच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. हे कबूल करताना त्यांना किती यातना झाल्या असतील याची कल्पना फक्त मला आहे. मी जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून गिअरकडे बघत राहिलो.

वर गार वारा होता. दगडी पायऱ्या उतरून गुलाबांच्या तुकड्यांपर्यंत गेलो. मामी लहान मुलीसारख्या प्रत्येक झुडपापाशी वाकत होत्या. तिथल्या एका म्हातारबुवांनी त्यांची टोपली पाकळ्यांनी भरून दिली. सगळं गोड चाललं होतं. परत वर चढताना मात्र मामा अर्ध्यावर थांबले. एक हात भिंतीवर, तोंड उघडं, चेहरा राखेसारखा. "काही नाही, एक मिनिट," म्हणाले आणि खाली बसले. तेवढं बोलायलाही त्यांना हवा पुरत नव्हती. मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या ओठांना लावली. मी खरंच घाबरलो होतो.

मामी त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि पाठीवर हात फिरवत राहिल्या. श्वास जागेवर आल्यावर त्या बोलल्या. इतक्या वर्षांत इंजिनाच्या विषयावर मी त्यांना एक अक्षर बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुमच्या गाडीला मी कधी नावं ठेवली नाहीत," त्या म्हणाल्या. "पण इथे हवाच कमी आहे, तर बाहेरून घ्यायला लाज कसली? त्या ऑफिसातल्या माणसांना तुम्ही जन्मभर हवा पोचवलीत. त्यांना काय छाती नव्हती?"

मामा पायऱ्यांकडे बघत बसले.

"मला रोज रात्री ही अशी भीती वाटते," मामी म्हणाल्या. "तुम्ही झोपलेले असता, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

खाली आल्यावर त्या पोलीस पोराने सांगितलं की गाडी सुखरूप आहे, फक्त येणारे-जाणारे फोटो काढत होते. मामांनी त्याला मूठभर गुलाबपाकळ्या दिल्या, मामींना हात देऊन गाडीत बसवलं आणि निघाले. रस्ताभर ते कधी नव्हे इतकी सावकाश गाडी चालवत होते. दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला, कपाटावरची पिशवी खाली उतरली.

आता मामा रोज मास्क लावून झोपतात. मतात बदल नाही. परवाच मला ऐकवलं, "माणसाची गोष्ट वेगळी, जावईबापू. गाडीला फुंकणी म्हणजे फुंकणीच." फक्त मशीनबद्दल एवढं बोलले की ते झटक्यात हवा देतं, टर्बोसारखं रेंगाळत नाही. मामांच्या तोंडून एखाद्या पंख्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नाही. त्यांचा रंग सुधारलाय, कचेरीत दुपारी पेंगत नाहीत, डॉक्टरीणबाई खूश आहेत.

मामींना मात्र सलग झोप लागत नाही. माझी बायको काळजीने विचारत होती, तेव्हा त्या संकोचत म्हणाल्या, "अगं, आवाजच नाही ना आता. इतक्या वर्षांची सवय. शांत झालं की जाग येते. मग छातीवर हात ठेवून बघते. वरखाली होत असते. मग हात तसाच ठेवून झोपते." मला हे बायकोने सांगितलं.

मागच्या शुक्रवारी सकाळी काही कामासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. मामा खाली गाडीची चादर घडी घालत होते. मी वर गेलो. मामी ओट्यापाशी नैवेद्याचा डबा भरत होत्या. खालून सेल्फचा आवाज आला, मग ती दणदणाटी घरघर सगळ्या गल्लीत पसरली, अलार्म वाजायला लागले. मी सवयीने पुढे होऊन खिडकी लावायला हात केला.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "ऐकू दे जरा."