शिक्क्यासाठी घेतलेलं नाव

मागच्या महिन्यात माझी नात फोनवर सांगत होती, की ती सुट्टीत तीन देश फिरून आली. कुठं अर्ज नाही, कुठं रांग नाही. विमानातून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि आत. मी म्हटलं, असं कसं सोडतात कुणालाही? तर म्हणाली, "कुणालाही नाही सोडत आजी. माझा पासपोर्ट स्ट्राँग आहे."

मला काही हे पटलं नाही. चहा स्ट्राँग असतो, पानातला जर्दा असतो, कागदाला कसली आलीय ताकद? फोन ठेवला आणि कपाटातून माझा जुना पासपोर्ट काढून उलटसुलट करून पाहिला. दिसायला तिच्याएवढाच, पानंही फार कमी नसावीत. मग शेवटच्या पानावर अंगठ्याएवढा एक पुसट शिक्का दिसला. अर्ज पाहिला आणि परत पाठवला, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आठवलं, माझ्या पासपोर्टात किती दम होता ते. आणि माझ्यात किती होता तेही.

देशानं दारं उघडली, असं सगळे म्हणत होते ते दिवस. माझा तेव्हाही संशय होता, की दारं उघडली ती बाहेरच्या मालाला आत यायला. आपल्याला बाहेर जायचं तर रांग होतीच. पण गावाला वेड लागलं होतं खरं. हैदराबादेत दिलसुखनगरला गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि तिथली पोरं क्लासातून उठून थेट विमानात बसत असावीत, असं वाटायचं. आमचा जावई त्यांतलाच. लग्न करून मुलीला घेऊन अमेरिकेला गेला आणि पुढच्या वर्षी तिला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण मुलगी इकडे आली असती, तर परत जाताना तिला नव्यानं व्हिसाचा शिक्का मागावा लागला असता. कुणा साहेबानं नाही म्हटलं तर बाळ-बाळंतीण काचीगुड्यात आणि नवरा तिकडे. सासू तिला नव्हती. तेव्हा माहेरालाच उठून जाणं भाग होतं, आणि माहेर म्हणजे मी.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. पन्नाशीला टेकलेली, मराठी शाळेत गणित शिकवणारी, साऱ्या जगावर संशय घेणारी आणि स्वतःवर मात्र मुळीच नाही.

पहिला संशय एजंटावर. स्टेशनसमोर त्याचं एका टेबलाचं ऑफिस होतं, भिंतीवर विमानाचं कॅलेंडर. तो मला टीचरम्मा म्हणायचा आणि फार हसायचा, म्हणून मला तो आवडला नव्हता. त्यानं समजावलं, की आपल्या पासपोर्टवाल्याला तिथं आधी चोर धरतात, साव ठरायचं काम आपलं. त्यांना एकच भीती, हे माणूस गेलं की परत यायचं नाही. तेव्हा घराचे कागद न्या, शाळेचं पत्र न्या, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जोडीनं जाऊ नका. "साब को इधर गिरवी रखना, टीचरम्मा. तबीच छोडते." नवरा गहाण टाकायचा, हे ऐकून आमचे हे इतके हसले, की मला त्यांचाही संशय आला. ह्यांना मी जायला हवी होते की नको होते?

दुसरा संशय खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारणीवर. मी तिला वदिना, म्हणजे वहिनी, म्हणायची. तिचा मुलगा तिकडेच होता आणि तिला दोनदा नाही म्हणून परत पाठवलं होतं. ती मुद्दाम वर येऊन सांगून गेली, बाळंतपणाचं नाव काढू नका, आया म्हणून कामाला चाललाय असं समजतील. मी ठरवलं, ही म्हणते सांगू नका, म्हणजे सांगायलाच हवं. शिवाय दृष्ट लागू नये म्हणून मी डिंक तळताना स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या. घामानं आणि धुरानं माझाच डिंक झाला. ह्यांनी दारातून विचारलं, "शिक्क्याआधी लाडू?" मी म्हटलं, अपशकुन बोलू नका.

नामपल्लीहून मद्रासची गाडी धरली. तिथं अमेरिकन कचेरीबाहेर ही एवढी रांग, आणि रांगेत निम्मं हैदराबाद. ह्यांना आत सोडेनात, ते समोरच्या झाडाखाली पिशवी घेऊन थांबले. आत काचेची खिडकी होती. पलीकडे एक तरुण साहेब, जवळ एक दुभाषी. मी दुभाषी नको म्हटलं. गणिताच्या बाईला इंग्रजी येत नाही की काय?

साहेब एकेक शब्द सुटा करून बोलत होता, मी बहिरी असल्यासारखा. कुणाकडे जाता? मुलीकडे. कशाला? बाळंतपणाला. त्यानं मान हलवली. वदिनाचं खोटं ठरलं म्हणून मला इतका आनंद झाला, की पुढचा प्रश्न कानावर आला तेव्हा मी हसतच होते.

"तुमच्या पतीचं नाव?"

आणि माझी वाचा बसली.

आमच्या घराण्यात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य उणं होतं म्हणत. हळदीकुंकवाला उखाण्यात गुंफून घ्यायचं, तेही चारजणींनी दंडाला धरून उभं केल्यावर. मी असल्या समजुतींना शिक्षकांच्या खोलीत बसून हसत असे. पण हसणं निराळं आणि जीभ निराळी. आमच्या वर्गात ह्यांच्याच नावाचा एक मुलगा होता, त्याला मी वर्षभर हजेरीत आडनावानं पुकारलं. रेशनच्या दुकानात विचारलं की कार्डावरच्या नावावर बोट ठेवायचं, दुकानदार समजून घ्यायचा. गावात सगळेच समजून घ्यायचे, त्यामुळे हा काही दोष आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

मी काचेवर बोट ठेवून अर्ज दाखवला. तिथं लिहिलंय, म्हटलं. साहेब म्हणाला, मला दिसतंय, तुम्ही सांगा. मी खाली मान घातली आणि, देवा, लाजले. त्या वयात, त्या काचेपुढे, नव्या नवरीसारखी. त्याच्या भुवया वर गेल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "माझ्या मुलीचे वडील."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "ते मला समजलं," तो म्हणाला. "पण ते तुमचे पती आहेत का?"

दुभाष्याला बोलावलं. त्यानं तमिळ करून पाहिलं, तेलुगू, हिंदी. मला तिन्ही थोडं थोडं कळत होतं, अडलं होतं ते भाषेत नव्हतंच. शेवटी साहेबानं शेवटच्या पानावर शिक्का उमटवला आणि पासपोर्ट काचेखालून सरकवला. आता त्याच्या जागी बसून विचार केला, तर मीसुद्धा तेच केलं असतं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर लाजून खाली बघणारी बाई खरी असेल, असं कोण म्हणेल?

ह्यांना मी झाडाखाली सांगितलं, साहेबाचं डोकं फिरलेलं होतं. काय विचारलं? काहीबाही. परतीच्या गाडीत ह्यांनी अर्जाची नक्कल ओळ न् ओळ तपासली, काही चूक सापडेना. मी खिडकीबाहेर बघत बसले. खरं सांगायची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून राग येत होता. राग मग एजंटावर काढला, वदिनावर काढला. घरी ह्यांनी एकेक करत डिंकाचे लाडू संपवले आणि बाळंतिणीसारखे टवटवीत झाले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली, की ह्यांनीच अर्जात काहीतरी गफलत करून ठेवली असणार.

दिवस मात्र भरत आले होते. पोरीचा एकटीचा जीव तिकडे, जावई दिवसभर कामावर.

रविवारी आम्ही बूथवर जाऊन तिला फोन लावायचो. काचेच्या खोक्यात एकाच माणसाला जागा. मी आत, हे बाहेर. तिनं विचारलं, आई, नेमकं कशावरून नाही म्हणाले? मी टाळत होते. ती रडवेली झाली. म्हणाली, डॉक्टर विचारतात घरून कोण येणार, मी काय सांगू? मग मी आवाज खाली आणून खरं ते सांगितलं. पलीकडे ती खो खो हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली.

"आई," ती म्हणाली, "बाबांचं नाव मी नाही का घेत? मी रोज सांगते इथं, प्रत्येक कागदावर. तू एकदा सांग. माझ्यासाठी."

मी वळून पाहिलं तर बूथचं दार अर्धवट उघडं होतं आणि हे आकाशाकडे बघत उभे होते. ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. सरकारी नोकरीत माणसाचा चेहरा असा होतो.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना ऐकू येईनासं झालं. मी, "अहो, चहा." उत्तर नाही. "अहो, पाणी गेलं, मोटर लावा." पेपरात डोकं. पहिल्या दिवशी वाटलं कानात मळ झाला असेल, गोडं तेल कोमट करून ठेवलं. मग लक्षात आलं, की दारावर भाजीवाली आली की ऐकू येतं, वदिनाच्या यजमानांनी जिन्यातून "क्या साब" म्हटलं तरी ऐकू येतं. माझंच तेवढं येत नाही. एकदा तर मला दिसलं, पेपर उलटा होता.

मी हट्टाला पेटले. चहा समोर नेऊन आदळायची, ताट वाजवायची, पदराला किल्ल्या बांधून खुळखुळवायची. हे ढिम्म. तीन-चार दिवस आमच्या घरात माझ्या आवाजाला किंमत नव्हती. त्या काचेपुढे होती तेवढीच.

मग एका सकाळी शाळेला उशीर होत होता, गॅसवर दूध, खाली सिलिंडरवाला ओरडत होता, पैशांचं कपाट बंद आणि किल्ली ह्यांच्या खिशात. "अहो" म्हटलं. पुन्हा म्हटलं. आणि मग कशी कोण जाणे, मी कंबरेवर हात ठेवून हजेरीच्या आवाजात ह्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात पुकारलं. जिन्यात सिलिंडरवाला गप्प झाला. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला, उभे राहिले आणि वर्गातल्यासारखा हात वर केला.

"हजर," म्हणाले.

दूध उतू गेलं. ते मात्र मी त्यांच्याकडूनच पुसून घेतलं.

त्यानंतर मी सराव केला. कणीक मळताना, पोळ्या लाटताना, तोंडातल्या तोंडात. जीभ दरवेळी अडायची, जिना उतरताना एखादी पायरी कमी असल्यासारखी. दर वेळी ह्यांच्याकडे चोरून बघायची, बरे आहेत ना म्हणून. पुन्हा अर्ज भरून मद्रासला जाताना गाडीत मी एक उखाणासुद्धा रचला होता, न जाणो सुटं नाव नाहीच आलं तर:

काचेच्या खिडकीमागे साहेब बसले गोरे,
अमुकरावांचं नाव घेते, शिक्का द्या की बरे.

अमुकच्या जागी काय होतं ते मी इथं लिहीत नाही. उगाच कशाला.

या वेळी खिडकीत एक बाई होती, माझ्या वयाची, चष्मा साखळीला अडकवलेली. शेवटच्या पानावरचा तो शिक्का तिनं पाहिला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की कॉपी करताना धरलेल्या पोरीसारखं मला वाटलं. मी नाव तोंडात तयार धरून उभी होते. तिनं ते विचारलंच नाही. कागद चाळले, घराचे, शाळेचे, आणि बाजूला सारले.

"तिकडे मुलगी, तिकडे नातवंड," ती म्हणाली. "मग परत इथं कशासाठी याल?"

पाठ केलेली सगळी उत्तरं होती. घर आहे, नोकरी आहे, पेन्शन आहे. पण तोंडात जे धरून ठेवलं होतं तेच बाहेर पडलं. ह्यांचं नाव. नुसतं, राव न लावता.

"हे कोण?"

माझं बोट पुन्हा काचेकडे गेलं. आणि त्या घाबरगुंडीत पुन्हा तेच बोलून गेले, "माझ्या मुलीचे वडील."

बाईनं अर्जात पाहिलं. नाव जुळलं. ती हसली की नाही मी सांगणार नाही, कारण काचेवर उजेड पडला होता. म्हणाली, दुपारी पासपोर्ट घेऊन जा.

झाडाखाली ह्यांनी विचारलं, "घेतलंस?" मी म्हटलं, घेतलं. ह्यांनी स्वतःची नाडी धरून पाहिली आणि म्हणाले, अजून चालू आहे.

त्या बाळंतपणात झालेली ही नात. तिच्या पासपोर्टला सगळी दारं आपोआप उघडतात म्हणे. पण परवा पुन्हा तिचा फोन आला, आवाज जरा उतरलेला. दिवाळीला इकडे यायचंय आणि आपल्या देशाचा व्हिसा काढायला बसलीय. आजीच्या घरी यायला त्या स्ट्राँग पासपोर्टालाही अर्ज करावा लागतो, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी विचारलं, मग अडलंय कुठं?

"तिकडे भारतात ओळखीचं कोण, ते नाव भरायचंय," ती म्हणाली. "आजी, आजोबांचं नाव काय गं? मला आजोबाच माहीत आहेत."

मी म्हटलं, कशाला हवंय, कोण विचारतंय, नीट वाचलंस का? वाचलं म्हणाली. मी म्हटलं, थांब, त्यांनाच देते. आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो."

उत्तर नाही. पुन्हा मारली. खुर्ची करकरली, पेपर वाजला, पण उत्तर नाही. आता ह्यांना वयानं खरंच कमी ऐकू येतं, असं डॉक्टर सांगतात. मला त्या डॉक्टरांचाही संशय आहे.

"आजी?" नात म्हणाली. "थांबू का?"

मी फोन हातात तसाच धरला, कंबरेवर हात ठेवला, आणि हजेरी घेतली.