बाप्टिझो म्हणजे बुडवणे

पंचानं तांब्या उचलला आन् मले म्हटलं, "तू खाली उतरू नको. तिथंच उभी राह्य. तुमच्यावर शिंपडून होते."

मी पांढरं लुगडं नेसून हौदाच्या काठावर. एक पाय पायरीवर. माझ्याआधी पंचाचा पोरगा आन् पुतण्या त्याच हौदात उतरले होते. चर्चच्या पाळकसाहेबानं त्याईले डोक्यासकट पाण्यात बुडवलं, वर काढलं, लोकाईनं गाणं म्हटलं. तिसरी मी. माझ्यामागं पंचाची सून. म्हणून तांब्या.

शेलूबाजारच्या त्या चर्चच्या आवारात बाप्तिस्म्यासाठी सिमेंटचा हौद होता. पंच त्या चर्चच्या मंडळीचा कारभार पाहे. वरच्या जातीचा पाटील, बापापासूनचा ख्रिस्ती. मी मांगाची. बाप मेल्यावर माय आन् मी मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करत होतो, तिथं प्रभूचं नाव कानावर आलं. मले कोणी पैसा दिला नाही, कोणी फसवलं नाही. त्याच्या घरी वेगळी पंगत नाही असं ऐकलं, म्हणून तो देव मले पटला. बाप्तिस्मा मीच मागितला.

हिवाळाभर तयारीच्या वर्गात बसली. पाळकसाहेब नगरकडचे, लई शिकलेले. एक दिवस त्यांनी फळ्यावर परक्या लिपीत एक शब्द काढला. म्हणाले, "हे ग्रीक क्रियापद आहे. बाप्टिझो. म्हणजे बुडवणे. रंगारी कापड रंगात बुडवतो, एक धागा कोरडा ठेवत नाही, तसं. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं. वर येणं म्हणजे नवा जन्म."

मी विचारलं, "सगळ्याईचं मरन एकच का जी?"

"एकच," ते म्हणाले.

त्या दिवशी मी रस्त्यानं एकटीच हसत घरी गेली. मेल्यावर कुठली जात, असं मले वाटलं. आमच्या गावात मांगाचं मसणही वेगळं, हे मी साफ विसरली.

तर त्या काठावरून मी पाळकसाहेबाकडं पाह्यलं. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे. नजर खाली. म्हणाले, "शब्दाचे अर्थ व्यापक असतात, बाई. पाणी किती याला महत्त्व नाही. प्रभू मन पाहतो."

"मंग त्याईच्यावर शिंपडाचं होतं," मी म्हटलं. "मले बुडवा. तुमीच शिकवलं."

पंच म्हणे, "तुह्या मागून माही सून उतरनार हाय. समजत नाही का तुले?"

समजलं. चांगलंच समजलं.

मायनं मागून पदर ओढला. "घे वं बाई शिंपडून. काम जाईन आपलं." ती रडून राह्यली होती. त्या कामावर दोघींचं पोट होतं, तिचं काय चुकलं? मी पदर सोडवला.

मी उतरली. कोणी धरलं नाही. धरायचं म्हणजे मले शिवावं लागे. पाळकसाहेब बाजूले सरकले. मी नाक दाबलं आन् स्वतःच खाली बसली. डोक्यावरून पाणी गेलं. वर आली. गाणं कोणीच म्हटलं नाही.

सून काठावरून मागं सरली. पंचानं गड्याले सांगतलं, "बूच काढ."

दुष्काळाचं साल होतं ते. हौद भरायले लांबच्या विहिरीवरून बैलगाडीत टिपाडं भरून पाणी आणलं होतं. आमच्या वस्तीत बाया गढूळ झिरा उपसून प्यायचं पाणी भरत. आन् ते सगळं पाणी याईनं नालीत सोडलं. मी ओल्या लुगड्यानं उभी राहून पाह्यत होती. मंग हौद घासला. गाडी पुन्हा पाण्याले गेली. पाळकसाहेब नव्या पाण्याची वाट पाह्यत काठावर बसले. तांब्या दाखवला तवा मी रडली नव्हती. पाणी वाहून गेलं तवा रडली.

काम गेलं. माय माझ्याशी बोलेना.

काही दिवसांनी पाळकसाहेब आमच्या घरी आले. दारातच उभे राह्यले. म्हणाले, "तू स्वतःच बुडालीस, तो बाप्तिस्मा धरता येत नाही. लांब नदीच्या डोहात पाणी आहे अजून. मी तुला पूर्ण बुडवीन. काम परत मिळवून देईन. फक्त कुणाला सांगू नकोस."

माय म्हणे, "जाय."

मी म्हटलं, "चोरून नाही, पाळकसाहेब. त्याच हौदात, सगळ्याईसमोर. आन् माह्या मागून पंचाची सून, त्याच पान्यात. सगळ्याईचं मरन एकच, हे तुमीच सांगतलं. नाही तं नाही."

ते गेले. तसा दिवस त्यांनी कधी ठेवला नाही.

मी चर्च सोडलं नाही. कायले सोडू? ते पंचाच्या बापाचं घर नाही. लगेचच्या रविवारी गेली आन् पुढच्या सतरंजीवर, पंचाच्या बायकोजवळ जाऊन बसली. ती उठली. मी नाही उठली. प्रभुभोजनाचा प्याला फिरतो, तो बाप्तिस्मा नसलेल्याले देत नाहीत. मी हात पुढं करते. प्याला माझ्यावरून पलीकडं जातो. वाटणाऱ्याची मान खाली जाते. मी हात मागं घेत नाही. घेणारही नाही.