भाडेकरूच्या आईचा दिवा

ये वं माय, जवळ बस जरा. तो फोन बाजूले ठेव. परवा तू विचारलं, "मावशी, हो म्हणू का नाही म्हणू?" अन् माझं तोंड उघडायच्या आत "गिऱ्हाईक आलं" म्हणून बंदही केला. अशी गोष्ट साखर तोलता तोलता विचारतेत का? लहानपणीही तू तशीच, जेवण अर्धं टाकून हात धुवायले पळणारी. म्हणून लिहायले बसली. जसं बोलता येते तसं लिहिते, चुका काढू नको.

कामरगावले दुकानाच्या माथ्यावर दोन खोल्या बांधल्या, चांगलं केलं. आमच्याही खोल्या मेथी-पालकाच्या वाफ्यावरच उभ्या आहेत. मालेगाव वाढत वाढत मळ्याच्या कुंपणाले टेकलं तवा तुह्या मावसोबानं म्हटलं होतं, "भाजी सकाळी तोडली की संध्याकाळी सुकते, खोली काही सुकत नाही." ते गेले. खोल्या मीच पाहत आली.

तं ऐक. मीटर वेगळं घे, एका मीटरवर दोन बिऱ्हाडं म्हणजे रोजची कटकट. पाण्याची मोटर कोणी लावायची ते आधीच बोलून घे. करारनामा कर, ओळखीचा असला तरी कर; ज्याले सही करायले लाज वाटते त्याले पुढं भाडं थकवायले वाटत नाही. आधारची झेरॉक्स घे, पोलीस ठाण्यात माहिती दे. पावसाळ्याच्या आधी गच्चीवर बादलीभर पाणी ओतून पाहा, कुठं थांबते ते. अन् एकदा खोली दिली की तुह्याजवळची चावी पेटीत टाक. मालकीण असली तरी कडी वाजवूनच आत जायचं. आणखी एक, या आधीची खोली काहून सोडली ते विचार. विचारून गप्प बस. माणूस काय बोलते त्याच्यापेक्षा कुठं अडते ते पाहा.

हे तुले कोणीही सांगेल. तुह्या पोटात आहे ते दुसरंच. खोली मागायले आला त्याचा बाप खाटेवर आहे, अन् तुह्या मनात आलं, इथंच काही झालं तं? तसं मनात आलं म्हणून स्वतःले वाईट समजू नको. खोल्या देणाऱ्या साऱ्यांच्याच मनात येते, बोलत कोणी नाही. आपल्याकडं भाडेकरूचं मरण घरात होऊ देत नाहीत. जीव जायची वेळ आली की दवाखान्यात हलवा म्हणतेत, अन् मयत तिकडूनच परस्पर गावाले. मालकाच्या फाटकातून आत आणू देत नाहीत. मंग ती खोली कोणी घेत नाही म्हणून.

आमच्या कडेच्या खोलीत एक बिऱ्हाड आलं होतं. नवरा बियाण्याच्या दुकानात कामाले, त्याची बायको, अन् त्याची म्हातारी आई. आई आसेगावकडची, जन्मभर वांगे-टमाटे पिकवून बाजारात बसलेली. सामान उतरून झालं तरी ती मालाच्या ऑटोत खाटेवर तशीच, वर आभाळाकडं पाहत पडलेली. मी वाकली तं मले म्हणे, "आलं का वं मसनवट?"

"मसनवट नाही बुढे, मालेगाव हाये."

"मालेगावात मसनवट नाही का?"

तिची सून हसली, अन् मंग तोंडाले पदर लावून रडायले लागली. मागच्या घरमालकानं म्हातारी अंथरुणाले खिळल्याबरोबर खोली खाली करायले लावली होती. खाट चौघांनी उचलली तवा म्हातारीले वाटलं आपली तिरडीच निघाली. सारी गल्ली पार होईपर्यंत ती येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होती, "मी जिती हाव, मी जिती हाव." हे सुनेनंच मले सांगितलं.

तिची खाट दाराजवळ टाकली. फाटकाची कडी वाजली की ती आतून विचारे, "कोन आलं वं?" दूधवाला येवो, बकरी अंग घासो, "कोन आलं वं?" घरची माणसं कामाले गेली की दुपारी मीच जाऊन बसत होती. माह्या हातची मेथीची जुडी चाचपून पाहे अन् म्हणे, "दोरा लय सैल बांधते तू. बाजारात बसली असतीस तं उपाशी मेली असतीस, मालकीन हायेस म्हनून जगली."

उन्हाळा लागता लागता तिनं खाणं सोडलं. एक दिवस तिचा पोरगा माह्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तं येईना.

"मावशी, डॉक्टर म्हनतेत आता नेऊन उपयोग नाही. मी दुसरीकडं पाह्यतो."

"कुठं?"

"दुकानाचं गोदाम हाये. खताच्या पोत्याच्या बाजूले एक खाट बसते."

"मी काही म्हटलं का तुले?"

"तुमी म्हनायच्या आधी आपनच निघावं म्हटलं." जायले वळला, अन् पुन्हा फिरला. "पन खाट उचलली की ती पुन्हा तसंच म्हनन, मावशी. ते मले आता ऐकवत नाही."

मी त्याले जराशी थांब म्हटलं. बाजूच्या घरात राहते तो माझा दीर, त्याच्या कानावर गेलंच होतं. तो म्हणे, "वैनी, येडी झाली का? त्या खोलीले मंग कुत्रं विचारनार नाही."

"भाऊजी, आपल्या घरात तुमची आई गेली, तुमचे भाऊ गेले. राह्यतोच ना आपन?"

"ते आपले होते."

तो खोटं बोलत नव्हता, अन् खोल्यांवरच माह्यं घर चालते. मी उठून कडेच्या खोलीत गेली. म्हातारी डोळे मिटून पडलेली, हातानं खाटेची पट्टी घट्ट धरलेली. झोपेतही सोडलेली नाही. मी बाहेर येऊन पोराले म्हटलं, "खाट हलवू नको."

ती गेली ते भर दुपारी. पोरगा दुकानात, सून मोरीत कपडे धूत होती. मी तिचे ओठ ओले करत होती. वाऱ्यानं फाटकाची कडी वाजली. तिचे ओठ हलले, आवाज काही निघाला नाही. मी म्हटलं, "कोनी नाही, वारा हाये." एवढ्यात गेली. तुळशीचं पान मंग ठेवलं.

आमच्या मोठ्या फाटकातूनच तिले काढलं. खांदा द्यायले पहिला कोण आला असेल तं माझा दीर. नजर मिळवली नाही, पण आला.

ज्या जागी जीव गेला तिथं दिवा लावला. खाली पीठ पसरलं अन् वर टोपलं झाकलं. तुले माहीत आहे, सकाळी टोपलं उचलून पाहतेत, पिठावर कोणाचं पाऊल उमटलं ते. पाखराचं असलं तं पाखराच्या जन्माले गेली, गाईचं असलं तं गाईच्या. गल्लीतल्या साऱ्या बाया जमल्या होत्या. टोपलं उचललं तं पीठ जसंच्या तसं. मुंगीही फिरली नव्हती.

"मंग गेली कुठं?" एकीनं विचारलं.

"गेलीच नाही," दुसरी म्हणे.

झालं. चहाच्या टपरीपर्यंत ते पोचायले कितीसा वेळ लागते. ते बिऱ्हाड होतं तोवर होतं. पोराले पुढं कारंज्याले काम मिळालं, ते गेले. मंग लोक यायचे, खोली पाहायचे, हवा चांगली म्हणायचे, अन् टपरीवर चहा प्यायले की परत यायचे नाहीत. एक नवरा-बायको राहिले, बाहेरगावचे. त्यांनी कोणाले विचारलं नव्हतं अन् मीही तोवर काही सांगितलं नव्हतं. त्या पोरीनं एक दिवस मले विचारलं, "मावशी, दुपारी कडी वाजली की तुमच्याकडं कोन बोलते?" मी तिले सारं सांगितलं. कडी वाजली की म्हातारी "कोन आलं" विचारे, हे मी बाहेर कोणाजवळ काढलं नव्हतं, म्हणजे त्या पोरीनं ते कुठं ऐकलं नसेल; हे मात्र तिले सांगितलं नाही. ते दोघं महिना भरल्यावर गेले. तवापासून खोली रिकामी आहे.

भीती वाटत नाही असं नाही. दुपारी वाटते. बाजारातून पिशवी घेऊन येते, फाटक लोटते, अन् कान आपसूक त्या दाराकडं जातेत. कधी काही येते, कधी नाही. आलं तं मी म्हणते, "मीच हाव." काय करता. ज्या घरमालकानं तिले जिती असताना उचलून गल्लीत काढलं, त्याच्या खोलीत एकामागं एक भाडेकरू राहून राह्यले. त्याले काही ऐकू येत असेल का, ते कोणाले विचारावं.

तं माय, तुले हो म्हण असं मी म्हणत नाही. तुह्यं घर त्या खोल्यांवर चालणार आहे, ते मले दिसते. पण नाही म्हणायचं असलं तं दारातच म्हण, सामान ऑटोत असतानाच. एकदा हो म्हटलं, म्हातारा तुह्या छताखाली झोपला, की मंग तुह्यानं खाट हलवणं होणार नाही. अन् खोली पुढं रिकामी राहू शकते, ते आजच मनाशी धर. नंतर येणाऱ्याले खरं सांग. मी त्या पोरीले उशिरा सांगितलं, तू करार करायच्या आधीच सांग.

त्या माणसाले जबाब द्यायच्या आधी एकदा येऊन जा. दुकान एक दिवस नवऱ्यावर टाक, जीपनं ये, उरलेल्या मळ्यातली वांगी ठेवली आहेत. जेवण झालं की कडेच्या खोलीत जराशी आडवी हो, मी बाजूले बसते. मंग ठरव तुले असं घर निभते का नाही. तो माणूस जास्त दिवस थांबणार नाही, त्याच्या बापाजवळही तेवढे दिवस नसतील. लवकर ये.