सोबत : डबा, पाणी, टेप

बातमी मला दवाखान्याच्या जिन्यात कळली. अमरावतीला, भर दुपारी. मी खाली थर्मासमध्ये चहा भरून घ्यायला गेले होते, पंधरा मिनिटंही झाली नसतील, आणि आमची मुलगी वैशाली भराभर पायऱ्या उतरत समोर आली. तिला काही बोलावं लागलं नाही. मीच विचारलं, "काही म्हटलं का त्यायनं?" ती म्हणाली, "नाई आई. भिंतीकडेच तोंड होतं." तीन दिवसांपासून माझ्या नवऱ्याचं तोंड भिंतीकडे होतं, आणि ते कशामुळे, हे फक्त मला माहीत होतं. तो चहा मी तसाच वर घेऊन गेले, पलंगाशेजारी ठेवला. संध्याकाळी कोणीतरी तो बेसिनमध्ये ओतून दिला.

त्याला आता सात आठवडे झाले. मधल्या काळात अकोल्यात शोकसभा झाली. माझे यजमान तिथल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, सारं गाव त्यांना सर म्हणायचं, मीही सरच म्हणायची. सभेत पाच जण बोलले आणि पाचही जण एकच बोलले. लोक आठ दिवसांत पंधरा ठिकाणं पाहतात आणि काहीच पाहत नाहीत, आमच्या सरांनी आयुष्यभर एकच ठिकाण पाहिलं, पण काय पाहिलं... शोकसभेत टाळ्या वाजतात हे मला माहीत नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्या बाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "भाग्यवान आहात वहिनी." मला वाटलं, उठावं आणि माइक हातात घेऊन सांगावं की या माणसाच्या बायकोनं काय पाहिलं तेही एकदा विचारा. उठले नाही. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी "सरांविषयी दोन आठवणी" मागितल्या आहेत, म्हणून इथं लिहिते. ज्यांना गोड वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

ते एक ठिकाण म्हणजे बाळापूरचा किल्ला. अकोल्याहून तासाभराची एसटी, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधोमध उंच विटांच्या भिंती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला तिथं नेलं. मी तेव्हा नुकतीच पोस्टात लागले होते, टपाल वेगळं करायच्या खोलीत. दिवसभर हातातून गावांची नावं जायची. पुरी, कारवार, अलेप्पी, वेंगुर्ला... का कोण जाणे, समुद्राकाठच्या गावाचं पत्र आलं की मी ते खणात टाकायला जरा उशीर करायची. वऱ्हाडात जन्मलेली पोर, विहीर आणि नदी याच्यापुढे पाणी पाहिलेलं नाही. त्या पहिल्या रविवारी किल्ल्याच्या भिंतीवर बसून मी सरांना सांगितलं की मला समुद्र पाहायचा आहे. ते म्हणाले, "नेतो न. पण आधी हे एक ठिकाण पुरं पाहू दे. एक पुरं झाल्याबिगर दुसऱ्याले हात लावू नाई." मला ते पटलं. तेवीस वर्षांची होते, म्हटलं किल्ल्याला किती वेळ लागेल, फार तर एक उन्हाळा.

अडतीस वर्षं मी जात राहिले, आणि पुरं झालंच नाही. दर रविवारी सकाळी सातची एसटी. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, वैशाली पोटात असतानाही सातव्या महिन्यापर्यंत. सरांची एक वही असायची, त्यात चार रकाने आखलेले: तारीख, वेळ, सोबत, काय पाहिलं. एक कापडी टेप असायची. टेपचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं माझ्या. मी भिंतीला टोक लावून उभी राहायची, ते आकडा वाचायचे, वहीत लिहायचे. ऊन डोक्यावर आलं की सावलीत बसून डबा. मी खोटं कशाला बोलू, त्या रविवारांत चांगलंही होतं. एकदा दिवस कलताना त्यांनी माझा पंजा धरून विटेवर ठेवला आणि म्हणाले, "पाह्य, सूर्य गेला तरी दिवस अजून भिंतीतच हाय." खरंच वीट कोमट होती. मी कितीतरी वेळ हात काढला नाही. अशा माणसाचा राग करणं सोपं नसतं, आणि मी तो नेटानं केला.

कारण दर वर्षी मी समुद्राचं विचारायची आणि दर वर्षी किल्ल्यात काहीतरी उरलेलं असायचं. एका पावसाळ्यात दोन्ही नद्या चढल्या, किल्ल्याला चहूकडून पाण्यानं वेढलं, आणि आम्ही काठावर छत्री धरून उभे होतो. सर गढूळ पाण्याकडे हात करून म्हणाले, "घे, हा तुहा समुद्र." बरोबरचे दोन मास्तर हसले. मीही हसले. घरी येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांत पाणी कशाचं हे कोणाला सांगावं लागलं नाही. मी एकटी का गेले नाही, असं वैशाली आता विचारते. जाता आलं असतं, माझा पगार होता, सुट्ट्या होत्या. पण मला तो त्यांच्यासोबत पाहायचा होता. हा माझा मूर्खपणा, तो त्यांच्या खात्यावर टाकत नाही.

दोघंही निवृत्त झालो तेव्हा मी कोकणाची तिकिटं काढली, त्यांना न विचारता. त्यांनी अडवलं नाही, बॅगही भरू दिली. निघायच्या चार दिवस आधी पावसानं किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा ढासळला. सर पाहून आले आणि दारातच म्हणाले, "सुमन, भिंतीच्या आतली बाजू उघडी पडली हाय. हे पुन्हा पाहायले भेटन का? समुद्र काय, तो तिथंच हाय." मी तिकिटं परत केली. बॅग मात्र सोडली नाही. तशीच भरलेली पलंगाखाली सरकवून ठेवली.

मग मी रेहानाकडे गेले. रेहाना म्हणजे पोस्टाच्या काउंटरवर माझ्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेली, आमच्याच मागच्या गल्लीत राहणारी. अमरावतीचे एक टूरवाले बायकांची सहल काढत होते, दक्षिण भारत, नऊ दिवसांत चौदा ठिकाणं. मी म्हटलं, देवळंच फार आहेत, तू काय करशील. ती म्हणाली, "तुमी देव पाहा, मी बाहेर बसून दुनिया पाहते. समंदर तर दोघींचा हाय न." आणि ती खरंच प्रत्येक देवळाबाहेर बसली आणि आम्हा अठरा बायकांपेक्षा जास्त माणसांशी बोलून आली. टूरवाल्याच्या गळ्यात शिट्टी होती. शिट्टी वाजली की उतरायचं, शिट्टी वाजली की चढायचं. कोणतं गोपुर कोणत्या गावचं, हे मला आजही सांगता येणार नाही. सर म्हणायचे ते खोटं नव्हतं, अशा फिरण्यात डोळे उघडे असतात एवढंच. पण सहाव्या दिवशी कोवळमला बस थांबली आणि शिट्टीवाला म्हणाला, वीस मिनिटं.

घरी परत आले तेव्हा अंगणात सरांचे चार मित्र बसले होते. माझी बॅग अजून हातातच होती. सर म्हणाले, "सांग, चौदा ठिकाणी काय पाहिलं?" मी म्हटलं, "समुद्र." "किती वेळ?" मी खरं ते सांगितलं. सर मोठ्यानं हसले. "वीस मिनिटांत काय दिसते? वीस मिनिटांत तं घरचा माणूस दिसत नाई." चौघंही हसले. मी आत जाऊन पाच कप चहा टाकला. त्यानंतर सहा वर्षं मी त्या समुद्राबद्दल घरात एक अक्षर काढलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. किल्ल्यावर जाणंही मी सोडलं. ते एकटे जायचे, टेपचं टोक दगडाखाली दाबून मापं घ्यायचे.

या वर्षी त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. अकोल्यात जमेना म्हणून वैशाली आम्हाला अमरावतीला घेऊन गेली. दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंतच दिसायची. एका दुपारी वैशाली औषधं आणायला गेली होती, मी मोसंबी सोलत होते. ते हळूच म्हणाले, "सुमन, तो समुद्र कसा होता, सांग न." मान वळवून माझ्याकडे पाहत होते. चेष्टा नव्हती, मला कळलं. त्यांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता, हे मात्र त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात ते अंगण होतं, ते चार मित्र आणि माझ्या हातातली बॅग. सहा वर्षं जिभेखाली ठेवलेलं वाक्य मी काढलं. "वीस मिनिटांत काय दिसते?" ते म्हणाले, "खरं हाय..." आणि कुशीवर वळले, भिंतीकडे. मला वाटलं, एक दिवस झोंबू दे. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडाला मास्क लागला, बोलणं बंद झालं. तरी मी सांगू शकले असते, कान तर उघडे होते. पण खोलीत सारखी माणसं होती आणि मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी चहा आणायला खाली गेले.

शोकसभेनंतर गावातल्या वाचनालयाची मंडळी घरी आली. सरांच्या एक्केचाळीस वह्या त्यांना काचेच्या कपाटात ठेवायच्या आहेत. मी म्हटलं, आधी मी वाचते. आयुष्यात त्या वह्या मी कधी उघडल्या नव्हत्या. वाचायला बसले आणि दुसऱ्याच पानापासून फक्त तिसरा रकाना पाहत गेले. सोबत : डबा (भाकर, झुणका, मिरच्यांचा ठेचा), पाणी, टेप. सोबत : डबा (खिचडी, लोणचं), पाणी, टेप, छत्री. सलग चार दिवस मी माझं नाव शोधलं. एका जागी शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव आहे. एका जागी त्यांच्यामागे फिरणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याची नोंद आहे. सुमन कुठेच नाही. टेप आहे, टेपचं दुसरं टोक धरणारा हात नाही. भाकर आहे, ती पहाटे उठून कोणी थापली ते नाही. एकाच जागी मुक्काम ठोकला म्हणजे ती जागा दिसतेच, असं जे लोक सभेत बोलले, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की हा माणूस माझ्याजवळ चव्वेचाळीस वर्षं मुक्कामाला होता.

शेवटची वही अर्धी कोरी होती. रागारागानं मीच पेन घेतलं आणि त्यांच्याच रकान्यांत लिहिलं. ठिकाण, कोवळम. वेळ, वीस मिनिटं. काय पाहिलं... तिथं मी थांबेचना. पायाखालची वाळू पाणी मागे जाताना कशी ओढली जाते आणि आपण जागेवर उभे असून सरकल्यासारखं वाटतं, ते लिहिलं. लाट यायच्या आधी एक क्षण सगळं गप्प होतं, ते लिहिलं. ओठांवरचं मीठ, पलीकडचा काठ शोधून दमलेले डोळे, भिजलेल्या लुगड्याचं ओझं. आणि हेही लिहिलं की विसातली दहा मिनिटं मी मनात वाक्यं जुळवत होते, घरी गेल्यावर सरांना हे कसं सांगायचं त्याची. अकरा पानं झाली. पुन्हा वरून वाचलं तेव्हा दिसलं की सोबतच्या रकान्यात मी लिहिलं आहे : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली.

रेहाना तिथं होती. लाटेला भिऊन मी मागे सरत होते तेव्हा तिनंच माझं मनगट धरून मला गुडघाभर पाण्यात नेलं, शिट्टी वाजेपर्यंत सोडलं नाही. तिचं नाव मी लिहिलं नव्हतं. तशीच उठून तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "तो अब लिख दो ना. कोणती बस सुटून राहिली?" मी घरी येऊन बाटलीपुढे तिचं नाव लिहिलं. यानं सरांना माफ केलं असं कोणी समजू नये. मला फक्त एवढं कळलं की ही खोड त्यांच्या एकट्याची नव्हती.

तेव्हापासून मी लाल पेन घेऊन बसते, पहिल्या वहीपासून. जिथं जिथं डबा घरचा आहे तिथं मी होते, तिथं डब्याच्या आधी लिहिते, सुमन. जिथं "हॉटेलची भजी" आहे तिथं मी नव्हते, ती ओळ तशीच सोडते. वाचनालयाचे फोन येतात, मी सांगते, थांबा. रविवारी सकाळी सातला, एसटीच्या वेळेला बसते ती दुपारपर्यंत. काल नववी वही उघडली. पुराचा तो दिवस तिच्यात आहे. सोबत : छत्री, पाणी, डबा (मेथीचे पराठे). मी माझं नाव लिहिलं आणि सहज पुढचा रकाना वाचला. किती पायऱ्या बुडाल्या त्याचा आकडा, पाण्याचा रंग, आणि अगदी खाली, पेन्सिलनं, बारीक अक्षरात एक ओळ. "समुद्र असाच असते का?"

त्या ओळीखाली बोटभर जागा होती. मी लाल शाईनं लिहिलं, नाई. असा नसते.