पायाला दोरा बांधलेली कोंबडी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथल्या पावर हाउस वस्तीच्या बाजारात एक बाई कोंबड्या विकायची. टायफॉइडमधून उठलेल्या बायकोसाठी मी सकाळीच तिच्याकडे खिमा मागितला.

सुरी गोणपाटाला पुसत ती म्हणाली, "ड्यूटीवर चालले ना, भाऊ? दिवसभर डब्यात राहिला तर चिकट होते, आंबूस वास मारते. घरच्या बाईले तेच चारता का?"

"शिजवल्यावर काय होतं?"

"नासलेलं शिजवून चांगलं झालं असतं, तर मी काही फेकलंच नसतं."

तिने एका कोंबडीच्या पायाला लाल दोरा बांधला. "ही तुमची. जिवंत आहे तवर नासत नाही."

सुटीचा भोंगा झाल्यावर तिने ताजा खिमा करून दिला. घरी तो लगेच चुलीवर चढला आणि बायकोने दुसऱ्यांदा मागून घेतला.

आता घरात फ्रीज आहे. तरी खिमा मी परतीच्या वाटेवरच घेतो.